कंपनीच्या फायनान्समधून प्रायव्हेट इक्विटीत जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी नऊ वर्षं फायनान्समध्ये होते. बजेट, एमआयएस (व्यवस्थापनाला जाणारे नियमित अहवाल), बँकेची लिमिट्स, वर्षअखेरीला ऑडिटरची मनधरणी, सगळं केलं. मग मुंबईतल्या एका मध्यम आकाराच्या फंडात आले. तेव्हापासून आर्टिकलशिपच्या मैत्रिणींपासून नात्यातल्या नवख्या सीएंपर्यंत सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतेय. हे सगळं भारतातल्या, त्यातही मुंबई-पुण्याच्या बाजाराबद्दल आहे.

ताई, प्रायव्हेट इक्विटी म्हणजे नेमकं काय? घरी सांगता येईल असं सांगा.

माझ्या सासऱ्यांना अजून वाटतं की मी शेअर मार्केटमध्ये आहे. त्यांना मी असं सांगते: पेन्शन फंड, विमा कंपन्या, पैसेवाली घराणी यांच्याकडून आठ-दहा वर्षांच्या बोलीवर पैसे घ्यायचे. त्यातून दहा-पंधरा कंपन्यांत मोठा हिस्सा किंवा अख्खी कंपनी विकत घ्यायची. चार-सहा वर्षं ती वाढवायची, मग हिस्सा विकून पैसे परत करायचे. सांभाळण्याची वार्षिक फी मिळते आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या नफ्यात वाटा मिळतो. सासरे म्हणतात, "म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर व्यापार." चूक नाही.

कायद्याच्या भाषेत, भारतात उभे राहिलेले असे फंड सेबीच्या २०१२ च्या एआयएफ (पर्यायी गुंतवणूक निधी) नियमांखाली नोंदवलेले असतात आणि प्रायव्हेट इक्विटी (पीई) फंड बहुतेक कॅटेगरी २ मध्ये मोडतात. सर्वसाधारण गुंतवणूकदाराला किमान १ कोटी रुपये घालावे लागतात. केकेआर, ब्लॅकस्टोन, कार्लाइल यांच्यासारखे जागतिक फंड परदेशातून पैसा आणतात आणि मुंबईत टीम ठेवतात. नोंदणीकृत एआयएफची पूर्ण यादी सेबीच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुली आहे. नोकरी शोधताना ती यादी उघडणारे फार थोडे असतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मी 'कॉर्पोरेट फायनान्स'मध्ये आहे असं सांगितल्यावर मुलाखतीत गोंधळ का होतो?

कारण या शब्दाचे दोन अर्थ चालतात. कंपनीच्या आतलं फायनान्स खातं, म्हणजे बजेट, ट्रेझरी, कॉस्टिंग, गुंतवणूकदारांशी संपर्क, हा एक. आणि बँका व सल्लागार संस्थांमधला कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचा विभाग हा दुसरा. केकेआरचे तिघे संस्थापक १९७६ मध्ये बेअर स्टर्न्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेतून बाहेर पडले, तेव्हा ते ज्या कॉर्पोरेट फायनान्समध्ये होते ते हे दुसरं. तुम्ही पहिल्या प्रकारातले असाल तर पहिल्याच वाक्यात सांगून टाका. समोरच्याने दुसरा अर्थ धरला आणि दहा मिनिटांनी खरं कळलं, तर उरलेला अर्धा तास तुम्ही बचावात घालवता.

मी वर्षानुवर्षं बजेट आणि एमआयएसच केलं. फंडाला माझा काय उपयोग?

फंडातली बरीच हुशार मुलं थेट गुंतवणूक बँकिंगमधून आलेली असतात. त्यांचं मॉडेल (कंपनीच्या पुढच्या वर्षांचा एक्सेलमधला अंदाज) चकाचक असतं, पण तयार मालाचा साठा मार्चमध्ये अचानक का घटतो आणि मेमध्ये परत का वाढतो, हे त्यांनी आतून पाहिलेलं नसतं. तुम्ही पाहिलंय. कदाचित तुम्हीच केलंय.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देते. वाहन कंपनी डाय आणि टूलिंगसाठी (भाग बनवायच्या साच्यांसाठी आणि अवजारांसाठी) पुरवठादाराला आगाऊ रक्कम देते. ती बँकेत पडून असते, त्यामुळे ताळेबंदात रोकड गुबगुबीत दिसते. विकणारा म्हणतो, ही रोकड माझी, तिचे वेगळे पैसे द्या. ज्याने टूलिंगचा हिशोब ठेवलाय त्याला लगेच कळतं की ती रक्कम खर्च व्हायचीच आहे, म्हणजे ती कर्जासारखी धरायला हवी. तसंच स्टीलच्या भावाचं. भाव चढला की वाहन कंपनी भरपाई देते, पण एक तिमाही उशिरा. चढत्या भावात मार्जिन आहे त्याहून वाईट दिसतं आणि उतरत्या भावात आहे त्याहून छान. उतरत्या भावाच्या वर्षावर कंपनीची किंमत ठरली, तर घेणारा फसला.

आणखी काही जागा. भाड्याच्या करारांबाबत इंड एएस ११६ हे लेखा मानक लागू झालं १ एप्रिल २०१९ पासून. तेव्हापासून भाडं एबिटडाच्या (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याच्या) वर न दिसता घसारा आणि व्याजात जातं, त्यामुळे ज्या कंपनीची गोदामं भाड्याची आहेत तिचा एबिटडा काही न करता फुगलेला दिसतो. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ४३बी(एच) ने आलेल्या नियमामुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवलं नाही, तर त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष देता त्याच वर्षी मिळते. ज्या कंपनीचं वर्किंग कॅपिटल (रोजच्या धंद्यात फिरणारा पैसा) छोट्या व्हेंडरांना नव्वद दिवस ताटकळत ठेवण्यावर चाललं होतं, तिचं गणित इथे बदललं. ग्रॅच्युइटीची तरतूद, बिल डिस्काउंटिंग, प्रमोटरच्या दुसऱ्या कंपनीला दिलेली उधारी, मशिनरीचं थकलेलं देणं... या प्रत्येक ओळीवर डीलची किंमत वर-खाली होते, आणि या सगळ्या ओळी तुमच्या रोजच्या ओळखीच्या आहेत. मॉडेलिंग तीन महिन्यांत शिकता येतं. कारखान्यात पैसा कुठे अडकतो हे कळायला वर्षं जातात, आणि ती तुम्ही आधीच घातली आहेत.

मग कमी काय पडतं?

भाव सांगण्याची सवय.

कंपनीत आपण झालेल्याचा हिशोब देतो: विक्री बजेटपेक्षा चार टक्के कमी का, मालवाहतूक जास्त का. उत्तर नेमकं असलं की काम झालं. फंडात प्रश्न असतो, ही कंपनी कितीला घ्यायची? आणि कोणत्या भावाला उठून निघून यायचं? इथे कुणी बजेट मंजूर करून देत नाही. अपुऱ्या माहितीवर एक आकडा बोलायचा असतो आणि पाच वर्षं त्याच्यासोबत राहायचं असतं.

माझ्या पहिल्याच डीलवर मी बावीस पानांचं टिपण केलं होतं. विक्रीचे कल, ग्राहकांची विभागणी, सगळं. आमच्या वरिष्ठांनी पानं उलटली आणि विचारलं, "कितीला घेशील?" मी म्हणाले, आठ ते अकरा पट एबिटडाच्या दरम्यान. ते म्हणाले, "एवढं तर मला टिपण न वाचताही माहीत होतं." त्या रात्री मी पहिल्यांदा एकच आकडा लिहिला. तो चुकीचा निघाला. पण त्यानंतर कुणी मला बावीस पानं लिहायला सांगितली नाहीत.

आयआरआर वगैरे गणित किती यावं लागतं?

आयआरआर म्हणजे घातलेल्या पैशावरचा वर्षाचा चक्रवाढ परतावा. तो कागदावर, कॅल्क्युलेटरशिवाय काढता येईल इतकं. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण १५ टक्के, अडीचपट म्हणजे २०, तिप्पट म्हणजे २५ ला थोडं कमी. हे पाढ्यासारखं पाठ हवं.

आता हे सोडवून बघा. कंपनीचा एबिटडा १०० कोटी, दहापट भावाने १,००० कोटींना घेतली. त्यात ३०० कोटी कर्ज, ७०० कोटी आपले. पाच वर्षांनी एबिटडा १६० कोटी, कर्ज फेडत फेडत १०० वर आलं, आणि दहापटीनेच विकली. १,६०० वजा १०० म्हणजे १,५०० कोटी हातात आले. ७०० चे १,५०० झाले, साधारण २.१ पट, आयआरआर साडेसोळा टक्के. ठीक.

आता विकताना भाव दहाऐवजी नऊ पट मिळाला असं धरा. १,३४० कोटी मिळतात आणि आयआरआर १४ च्या आत येतो. उलट भाव दहापटच मिळाला, तेच १,५०० कोटी हातात आले, पण विकायला पाचऐवजी सात वर्षं लागली, तर आयआरआर साडेअकरा. म्हणजे किमतीत एक पट घासाघीस हरल्यापेक्षा दोन वर्षांचा उशीर महाग पडला. कंपनीत आपण वार्षिक नफा-तोटा बघत असल्यामुळे हा उशीर कुठल्याच ओळीत दिसत नाही. मुलाखतीत बहुतेक जण वाढीबद्दल बोलतात. विकायचं कुणाला आणि कधी, हे सांगणारा उठून दिसतो.

खऱ्या डीलचा अभ्यास घरबसल्या कसा करायचा?

सगळ्यात आवडता प्रश्न. घरातलं औषधाचं खोकं उघडा. मेट्रोजिल किंवा रॅनटॅकची स्ट्रिप सापडेल. ही औषधं मुंबईच्या जे. बी. केमिकल्सची. २०२० मध्ये केकेआरने मोदी कुटुंबाकडून तिचा ५४ टक्के हिस्सा ७४५ रुपये शेअर या भावाने, सुमारे ३,१०० कोटींना घ्यायचा करार केला. जून २०२५ मध्ये केकेआरने आपला हिस्सा टोरंट फार्माला १,६०० रुपये शेअरने, ११,९१७ कोटींना विकायचा करार केला.

घाईत कुणीही ११,९१७ ला ३,१०० ने भागतो आणि ३.८ पट म्हणतो. इथे दोन सापळे आहेत. एक, विकलेला हिस्सा ५४ नव्हे, ४६.३९ टक्के होता, मधल्या काळात काही शेअर आधीच विकले गेले होते. दोन, २०२३ मध्ये शेअरचे दोन तुकडे झाले, म्हणून जुने ७४५ म्हणजे आजचे साडेतीनशे-पावणेचारशे, नेमकं सांगायचं तर ३७२.५० रुपये. शेअरवर मोजलं तर चौपटीहून जास्त, वर लाभांश वेगळा. पाच वर्षांच्या हिशोबाने वर्षाला तीस टक्क्यांच्या वर. बजेट-व्हेरियन्स करणाऱ्या माणसाला हे दोन्ही सापळे पाच मिनिटांत दिसायला हवेत.

मग पुढचा, जास्त कामाचा प्रश्न: ही चौपट आली कुठून? वार्षिक अहवाल लावून बसा. नफा किती वाढला, बाजाराने त्या नफ्याला आधीपेक्षा किती जास्त पट भाव दिला, २०२२ मध्ये सॅन्झाइमचे प्रोबायोटिक ब्रँड आणि नोव्हार्टिसचा अझमार्डा घेतला त्याचा वाटा किती. तीन भाग वेगळे काढा आणि एका पानावर मांडा. मुलाखतीला जाताना ते पान खिशात असू द्या.

दुसरी खाण म्हणजे आयपीओची माहितीपत्रकं. शेअर विकणाऱ्या भागधारकांना ते सरासरी किती भावाने पडले, हे त्यात छापावंच लागतं. नवी मुंबईच्या हेक्सावेअरचा फेब्रुवारी २०२५ मधला ८,७५० कोटींचा इश्यू पूर्णपणे कार्लाइलच्या हिश्श्याच्या विक्रीचा होता. पुण्याच्या एमक्युअरचा जुलै २०२४ मध्ये आला, त्यात बेन कॅपिटल विकणाऱ्यांत होती. दोन्ही कागदपत्रं फुकट मिळतात. महागडा कोर्स लावण्याआधी ती वाचा.

भारतात कर्ज काढून कंपन्या विकत घेता येतात का? पुस्तकात तर सगळं त्यावरच असतं.

अमेरिकेतल्या पद्धतीने नाही. दुसऱ्या कंपनीचे शेअर विकत घेण्यासाठी कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना वर्षानुवर्षं अडवून धरलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांनी दुसरी कंपनी विकत घेण्यापुरतं हे दार उघडण्याचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेनेच मांडला. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६७ मुळे पब्लिक कंपनी स्वतःचेच शेअर विकत घेणाऱ्याला त्यासाठी आर्थिक मदत करू शकत नाही. त्यामुळे कर्ज काढायचंच तर बिगरबँकिंग कंपन्या, डिबेंचर, परदेशी कर्जदाते असे वळसे घ्यावे लागतात आणि ते महाग पडतात. इथला परतावा म्हणूनच मुख्यतः वाढीतून येतो. वॉरबर्ग पिंकसने १९९९ पासून भारती (एअरटेल) कंपनीत सुमारे ३० कोटी डॉलर घातले आणि २००५ पर्यंत दीड अब्जाहून जास्त काढले. त्यात कर्जाची करामत नव्हती, मोबाइल फोन गावोगाव पोहोचत होता.

आणि लिस्टेड कंपनीचा २५ टक्के किंवा जास्त हिस्सा घेतला, की इतर भागधारकांसाठी आणखी किमान २६ टक्क्यांची ओपन ऑफर (त्यांचे शेअर विकत घ्यायची तयारी) आणावी लागते, हेही गणितात धरा.

थेट फंडात अर्ज करू का?

करा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. फंडांच्या टीम लहान असतात. अब्जावधी डॉलर सांभाळणाऱ्या फंडाचीही भारतातली गुंतवणूक टीम एका लग्नाच्या पंगतीत बसेल एवढीच. जागा निघाली की हेडहंटर बँकिंग आणि कन्सल्टिंगमधली नावं पुढे करतो, कारण त्याच्यासाठी ते सोपं.

माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं दार म्हणजे फंडाने विकत घेतलेल्या कंपनीचं फायनान्स खातं. अशा कंपनीत दर महिन्याला फंडाला अहवाल जातो, बोर्डावर फंडाची माणसं असतात, खरेदीनंतरच्या पहिल्या शंभर दिवसांचा आराखडा असतो, आणि शेवटी विक्रीची तयारी असते. तिथे दोन-तीन वर्षं डेप्युटी सीएफओ म्हणून काढलेला माणूस फंडाने स्वतः पारखलेला असतो, त्याची मुलाखत रोजच चालू असते. काही जण तिथून फंडाच्या ऑपरेशन्स किंवा पोर्टफोलिओ टीममध्ये जातात. काही जण सीएफओ होतात, ईसॉप (कर्मचाऱ्यांना मिळणारे शेअरचे हक्क) घेतात, कंपनी विकली गेली की फंडातल्या त्यांच्या वयाच्या माणसापेक्षा जास्त कमावतात आणि मग फंडात जायचा विचारच सोडून देतात. हेही मी पाहिलंय.

दुसरं दार बिग फोरच्या (चार मोठ्या ऑडिट-सल्लागार संस्थांच्या) ट्रान्झॅक्शन विभागाचं. फायनान्शियल ड्यू डिलिजन्समध्ये (खरेदीआधीच्या हिशोबतपासणीत) दोन वर्षांत दहा-बारा कंपन्या आतून बघायला मिळतात. कंपनीत मिळालेली खोली आणि इथली रुंदी एकत्र आली की बायोडेटा बदलतो. पण तिशी उलटल्यावर तिथे जाणं म्हणजे तुमच्याहून पाच वर्षांनी लहान मॅनेजरच्या हाताखाली रात्री दोनला एक्सेल जुळवणं. जमेल का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

प्रायव्हेट क्रेडिट फंड, म्हणजे कंपन्यांना कर्ज देणारे फंड, हे लोक विसरतात. तुम्ही ट्रेझरीत बँकांशी कन्सोर्टियम (बँकांचा एकत्रित गट), तारण, कॉव्हेनंट (कर्जाच्या अटी) यांवर भांडला असाल, तर तिथे तुमची भाषा थेट चालते. मोठ्या उद्योग घराण्यांची फॅमिली ऑफिसही आता थेट गुंतवणूक करतात. आणि एकाच क्षेत्रावर भर देणारे फंड, म्हणजे आरोग्य, उत्पादन, वित्तसेवा. तिथे क्षेत्राचं ज्ञान तुमची बाजू धरतं.

फक्त सीए पुरे का? की आयआयएम लागतंच?

मोठ्या जागतिक फंडांत आयआयटी-आयआयएमचा शिक्का दार लवकर उघडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मल्टिपल्स या फंडाच्या संस्थापक रेणुका रामनाथ व्हीजेटीआयच्या टेक्स्टाइल इंजिनिअर आणि एमबीए मुंबईच्या चेतना इन्स्टिट्यूटच्या. आयसीआयसीआय समूहात वर्षं काढून, आयसीआयसीआय व्हेंचरचं नेतृत्व करून त्यांनी २००९ मध्ये स्वतःचा फंड उभा केला. दादर-वांद्र्याच्या पट्ट्यात शिकूनही इथवर जाता येतं.

सीए असाल तर हिशोबाबद्दल कुणी शंका घेत नाही. शंका घेतात ती धंद्याच्या समजुतीवर, आणि ती डिग्रीने भरून निघत नाही. सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाचा अभ्यासक्रम) करायचं तर आवड म्हणून करा, प्रवेशपत्र म्हणून नको.

माझं वय ३४ आहे. उशीर झाला का?

असोसिएट म्हणून शिरायला हो. ती जागा पंचविशीतल्यांची. व्हीपीच्या (व्हाइस प्रेसिडेंटच्या) आसपास किंवा पोर्टफोलिओ टीममध्ये, नाही. मी गेले तेव्हा तेहतीस संपत आलं होतं आणि हुद्दा एक पायरी खाली घेतला. व्हिजिटिंग कार्ड बघून आईने विचारलं होतं, "डिमोशन झालं का गं?"

मुलाखतीत काय होतं?

दोन-तीन गप्पांच्या फेऱ्या, मग तीन-चार तासांची मॉडेलिंग चाचणी किंवा घरी करायची केस, मग भागीदारांसमोर मांडणी. चाचणीत फसवणारी गोष्ट साधी असते. ताळेबंद जुळतो का, व्याज आणि रोकड एकमेकांभोवती फिरून फाइल अडकते का, वर्किंग कॅपिटल विक्रीबरोबर वाढतं का. सजावटीला गुण नाहीत.

गप्पांमध्ये एक प्रश्न हमखास येतो: आज तुम्हाला पैसे दिले तर कोणती कंपनी घ्याल? इथे लोक झोमॅटो, टायटन अशी नावं घेतात आणि संधी घालवतात. तुमच्या व्हेंडर लिस्टमध्ये बघा. वाळूजची एखादी मशिनिंग कंपनी, जी दरवर्षीची भावकपात सोसूनही मार्जिन टिकवते. इचलकरंजीचा एखादा कापड प्रोसेसर. गोपनीय काही सांगू नका, नावही घेऊ नका. ग्राहक तिला सोडून का जात नाहीत, मालकानंतर कोण, किती भावाला घ्याल, कुणाला विकाल, एवढं चार मिनिटांत सांगा. माझ्या समोर बसून असं उत्तर देणारे आजवर दोनच भेटले, आणि दोघांनाही आम्ही पुढच्या फेरीला बोलावलं.

"पीईतच का?" याला "मला स्ट्रॅटेजिक एक्स्पोजर हवंय" असं उत्तर देऊ नका. हे वाक्य ऐकताना समोरचा मनात जेवायचं काय मागवायचं ते ठरवत असतो.

मराठी असण्याचा काही फायदा?

बीकेसीतल्या ऑफिसात नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत, होय. मालकाने चाळीस वर्षांत उभा केलेला कारखाना, मुलगी बोस्टनला, मुलाला धंद्यात रस नाही. समोर सूटमधली माणसं इंग्रजीत 'पार्टनरशिप' म्हणतायत आणि त्यांना ऐकू येतंय 'कारखाना बळकावणार'. जेवणाच्या वेळी काकूंशी दोन शब्द मराठीत झाले, की मग काका खरा प्रश्न विचारतात: "विकल्यावर माझ्या माणसांचं काय? आणि गेटवरचं नाव?" हा प्रश्न कुठल्याच मॉडेलमध्ये नसतो आणि बऱ्याच डील इथेच अडतात. भाषेमुळे भाव कमी होत नाही हं. आमच्या एका काकांनी गोड बोलून, तांबडा-पांढरा खाऊ घालून आमच्याकडून अर्धा पट जास्तच काढला.

पगार किती वाढतो? आणि कॅरीचं काय?

पगार-बोनस कंपनीपेक्षा बरा असतो, फंडाच्या आकाराप्रमाणे फार बदलतो. कॅरीबद्दल, म्हणजे नफ्यातल्या त्या वाट्याबद्दल, मात्र डोळे उघडे ठेवा. समजा फंड १,००० कोटींचा आहे आणि त्याने २,२०० कोटी परत केले. नफा १,२०० कोटी. गुंतवणूकदारांना ठरलेला किमान परतावा मिळून पुढचा सगळा हिशोब जुळला, तर २० टक्क्यांनी कॅरी २४० कोटी. त्यात तुमचा वाटा अर्धा टक्का असेल तर १ कोटी २० लाख, करापूर्वी. वाईट नाही. पण तो आठव्या-नवव्या वर्षी, टप्प्याटप्प्याने, आणि तोवर तिथेच टिकलात तर. फंडाने १,५०० कोटीच परत केले, तर किमान परताव्याची अटच पुरी न होता कॅरी शून्यही होऊ शकते. म्हणून गृहकर्जाचा हप्ता पगारावर बसवा. कॅरी म्हणजे कोकणातल्या सामाईक जमिनीतला हिस्सा आहे असं समजा: आहे खरा, पण त्यावर सून पाहू नका.

आणखी एक. फंडात स्वतःचे पैसे घाला असा आग्रह होऊ शकतो. फंड सांभाळणाऱ्या संस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठी किमान रक्कम १ कोटीऐवजी २५ लाख आहे. तीही बँकेत असायला हवी.

घर, मुलं, वेळ?

डील चालू असताना वाईट, नसताना माणसात. मार्चएंडची सवय असलेल्यांना धक्का बसत नाही. फरक इतकाच की इथला मार्चएंड कधी येणार ते आधी कळत नाही. आणि पुण्यात घर असेल तर दर आठवड्याच्या डेक्कन क्वीनचा हिशोब जोडीदाराबरोबर आधी करा, नंतर नको.

मी अमेरिकेत आहे, तिथून प्रयत्न करू की परत येऊन?

तिथली मोठ्या फंडांची भरती बँकेतल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांभोवती फिरते, तीही नोकरी सुरू व्हायच्या वर्ष-दोन वर्षं आधी. २०२५ मध्ये जेपी मॉर्गनने तर असं पुढच्या नोकरीचं पत्र आधीच घेणाऱ्या नवख्यांना काढून टाकू असं बजावलं. कंपनीच्या फायनान्समधल्या माणसाला त्या रांगेत जागा नाही. तिथेही पोर्टफोलिओ कंपनीचंच दार धरा. परत येणार असाल तर प्रमोटर घराण्याच्या कंपनीत निदान वर्षभर काढा, इथले नातेसंबंध ताळेबंदात दिसत नाहीत.

नोकरीचं पत्र आलंय. सही करण्याआधी फंडाला काय विचारू?

हा प्रश्न फार थोडे विचारतात, म्हणून जरा लांबण लावते.

सध्याचा फंड कोणत्या वर्षी उभा राहिला आणि त्यातले किती पैसे गुंतवायचे बाकी आहेत? सहाव्या वर्षातल्या, सगळे पैसे संपलेल्या फंडात गेलात, तर नवी खरेदी नाही, फक्त जुनं विकणं, आणि पुढचा फंड उभा राहिला नाही तर नोकरीच संपली. कॅटेगरी २ चा फंड मुदत संपल्यावर वाढवता येतो, पण जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि त्यालाही मूल्याने दोन तृतीयांश गुंतवणूकदारांची संमती लागते. आधीच्या फंडाने प्रत्यक्ष रोख किती परत केली? कागदावरचं मूल्यांकन किती पट आहे ते सांगतील. तुम्ही रोख विचारा. गेल्या तीन वर्षांत तुमच्या पातळीवरून किती जण सोडून गेले, आणि कुठे? कॅरी तुमच्या नावावर लेखी आहे की 'बघू पुढे'? माझ्या एका मैत्रिणीला चार वर्षं 'बघू पुढे' ऐकावं लागलं. शेवटी तिने राजीनामा दिला, त्या दिवशी कॅरीचं पत्र तयार होतं.

आणि ज्याच्या हाताखाली काम करायचंय त्याला विचारा, की तुमची सगळ्यात वाईट डील कोणती. उत्तर देताना तो प्रमोटरला किती दोष देतो आणि स्वतःच्या भावाला किती, ते ऐका.